तांदळाएवढ्या भागात दोन पदार्थ

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील या शेडमध्ये सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली आहे. चिमट्यात धरलेला हा भाग तांदळाच्या दाण्याएवढा आहे. भिंगाखाली मात्र पॉलिप्रॉपिलीनचे पांढरे, कडक अंग आणि त्याच्या कडेला बसलेली काळी, मऊ रबरी सील अशा दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. सील डिंकाने चिकटवलेली नाही. दोन्ही पदार्थ एकाच मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, एकापाठोपाठ भरलेले आहेत.

पहिल्या शॉटमध्ये, म्हणजे वितळलेला माल मोल्डमध्ये पहिल्यांदा भरताना, कडक अंग घडते, मोल्ड उघडतो, त्याचा फिरता अर्धा भाग ते अंग तसेच धरून 180 अंशांत वळतो आणि मोल्ड पुन्हा बंद होताच यंत्राच्या दुसऱ्या बॅरलमधून, म्हणजे माल वितळवणाऱ्या तापत्या नळीतून, वितळलेले थर्मोप्लास्टिक रबर कडेच्या मोकळ्या जागेत शिरते. मोठ्या भागांसाठी ही पद्धत आता रुळलेली आहे. इतक्या लहान आकारात मात्र तिची कसोटी लागते.

प्लास्टिक निवण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे भिंत निम्मी पातळ केली की वेळ एक चतुर्थांश उरतो. जोड तर उष्णतेनेच धरतो: दुसऱ्या शॉटच्या उष्णतेने पहिल्या अंगाचा पृष्ठभाग किंचित मऊ झाला, तरच दोन्हींच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात. काही मिलिग्रॅमच्या शॉटजवळ ती उष्णता असते तरी किती? म्हणून काही ठिकाणी मोल्डच शॉटपूर्वी तापवतात आणि भरून झाल्यावर थंड करतात.

शिवाय साध्या यंत्रात माल पुढे ढकलणाऱ्या जाड स्क्रूला इतके कमी वजन नेमके मोजता येत नाही आणि बॅरलमध्ये पडून राहिलेला माल जळू लागतो. त्यामुळे येथे भरण्याचे काम काही मिलिमीटर व्यासाचा वेगळा प्लंजर, म्हणजे दट्ट्या, करतो.

पॉलिअॅसिटलसारखे कडक प्लास्टिक तर सहसा दुसऱ्याला धरतच नाही. तेव्हा अंगातच आरपार छिद्र किंवा खाच ठेवून रबर त्यात अडकवावे लागते. आमच्या मते या कामातले खरे कसब त्या खाचेच्या आखणीत आहे. यंत्र विकत आणता येते, ही जाण टूलरूममध्ये, म्हणजे मोल्ड घडवले जातात तिथे, वर्षे घालवूनच येते.

पाळीतला पहिला भाग तपासणीच्या टेबलावर आला आहे. ऑपरेटर चिमट्याने सील ओढतो. रबर ताणले जाते आणि मधूनच फाटते. पांढऱ्या कडेवर त्याचा काळा थर घट्ट चिकटून राहिला आहे. जोड सुटलेला नाही. तो मान हलवतो आणि यंत्र सुरू होते.