एका नाण्यावर दोन राजे

डोळ्यांपुढे एक चांदीचं नाणं आणा. आकाराने जुन्या पंचवीस पैशांपेक्षा लहान, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. पहिल्या नजरेत नुसता गोंधळ. कुणाचं तरी नाक, गालावरच चढलेल्या डोंगराच्या कमानी, कडेला तुटकी अक्षरं. नवखा संग्राहक हे बाजूला सारून म्हणतो, जरा स्वच्छ दाखवा. जुना खेळाडू मात्र हेच नाणं उचलतो आणि भिंग मागतो.

नाक नहपानाचं. क्षहरात वंशातला हा क्षत्रप, म्हणजे शक सत्ताधीश. त्याच्या नाण्यावर एका बाजूला मुखवटा, म्हणजे राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि लेख तीन लिप्यांत: ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याची सत्ता मोडली. नाशिकच्या पांडवलेण्यात त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात मुलाला ‘खखरातवस निरवसेसकर’ म्हटलंय, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. पण चांदी काही त्याने निःशेष केली नाही. नाणी वितळवण्याच्या भानगडीत न पडता त्यांच्यावरच आपला ठसा हाणला. एका अंगाला डोंगर आणि स्वतःचं नाव, दुसऱ्या अंगाला उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली फुली. कामही झटपट झालं, आणि बाजारात नाणं हातात घेणाऱ्या प्रत्येकाला कळलं की राजा बदललाय.

1906 मध्ये नाशिकजवळ गोदावरीकाठी, जोगलटेंभीला, अशा नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी. नशीब असं, की ती पांगायच्या आत अभ्यासकांच्या नजरेखालून गेली. म्हणून आज आपण सांगू शकतो की त्यातल्या 9,270 नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा होता. हाच साठा मूठमूठ करून सराफाकडे गेला असता तर उरली असती ती फक्त चांदी.

या नाण्याला काय यायचं? पांडवलेण्यातच नहपानाचा जावई उषवदात याने हिशेब कोरून ठेवलाय. नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, त्याने दोन हजार कार्षापण ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. वर्षाचे झाले दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब चोख बसतो! कार्षापण म्हणजे हेच चांदीचं नाणं असं धरलं, तर अशी बारा नाणी म्हणजे एका भिक्षूचे वर्षाचे कपडे.

आता खऱ्या दुर्मिळ नाण्यांकडे वळू. सातवाहनांचं रोजचं चलन शिशाचं, पोटिन या तांब्याच्या मिश्रधातूचं, तांब्याचं. स्वतःचा मुखवटा असलेली चांदीची नाणी वासिष्ठीपुत्र पुळुमावी, यज्ञ सातकर्णी अशा मोजक्याच राजांची. मुखवट्याभोवती प्राकृत लेख असतो आणि मागे दक्षिणेतल्या द्राविडी भाषेतला. एकाच नाण्यावर दोन भाषांच्या रयतेची सोय. 1882 मध्ये पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजींनी मुंबईजवळच्या सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा यज्ञ सातकर्णीचं असंच एक नाणं तिथे मिळालं.

अशा नाण्याची किंमत चढते, तिथे नक्कलही येतेच. खरं नाणं ठोकून पाडलेलं असतं. ओतीव नकलेत भिंगाखाली बारीक बुडबुडे दिसतात, कधी कडेला कानस फिरवल्याच्या खुणा. दोन ठशांचं नाणं असेल तर आणखी एक गोष्ट पाहा: नंतरच्या ठशाने आधीची रेघ जिथे दाबली, तिथे ती चपटी झालेली हवी. दोन्ही ठसे सारखेच बोथट दिसले तर नाणं खुशाल परत करा. आणि कृपा करून चिंच-मीठ लावून चकचकीत करू नका. शतकांची काळपट झाक जाते आणि किंमतही जाते.

शेत नांगरताना गाडगं लागलं, तर गोष्ट वेगळी. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं जुनं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोक घाबरतात, गुपचूप विकतात. विकणारा गावाचं नाव सांगत नाही, घेणारा विचारत नाही. म्हणून आम्ही संग्राहकांना एकच सुचवतो: नाण्याच्या पाकिटात चिठ्ठी ठेवा. कुठून आलं, कुणाकडून, कधी. आणि पहिलं नाणं विकत घेण्याआधी नाशिकजवळ त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्र संस्थेचं संग्रहालय आहे, तिथे खरी नाणी डोळ्यांखालून घाला.