कामाचा ताण आणि कामावरचा ताबा

श्रोतेहो, नमस्कार.

जबाबदारी जितकी मोठी तितका ताण मोठा, म्हणून हार्ट अटॅक यायचा तो साहेबाला, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. लंडनमध्येही पूर्वी असंच मानत. तिथल्या व्हाइटहॉल भागात ब्रिटिश सरकारची मुख्य खाती आहेत. १९६७ पासून तिथल्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. साडेसात वर्षांचे आकडे हाती आले, ते उलटेच. हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीत, म्हणजे शिपाई-निरोप्यांमध्ये, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या साडेतीन पटींहून जास्त होतं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरलं, तरी फरक पुरता मिटेना.

मग १९८५ साली मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दुसरा अभ्यास सुरू झाला. यात १०,३०८ स्त्री-पुरुष होते आणि या वेळी खुद्द कामाविषयी प्रश्न विचारले गेले. कोणतं काम आधी करायचं हे तुम्ही ठरवता का? थोडा वेळ जागेवरून उठता येतं का? ज्यांची उत्तरं नकाराकडे झुकत होती, त्यांना पुढच्या काही वर्षांत हृदयविकार जास्त जडला.

या प्रश्नांमागची कल्पना रॉबर्ट कारासेक यांची. स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांची माहिती तपासून त्यांनी १९७९ साली मांडलं की, कामाचा नुसता बोजा माणसाला आजारी पाडत नाही. बोजा जास्त आणि ताबा कमी, ही जोडी पाडते. बँकेतला मार्चअखेर बघा. मॅनेजरही रात्री उशिरापर्यंत बसतो, काउंटरवरचा कारकूनही. पण मॅनेजर एखादी मीटिंग पुढे ढकलू शकतो. कारकुनासमोर रांग असते, सिस्टिम हँग झालेली असते आणि त्याला पाणी प्यायला उठायचं तरी रांगेतल्या लोकांकडे बघावं लागतं. पुढे इतर संशोधकांनी यात तिसरी गोष्ट जोडली, ती म्हणजे सहकाऱ्यांचा आणि साहेबाचा आधार.

आता प्रमाणही सांगायला हवं, नाहीतर उगाच भीती वाढते. युरोपातल्या तेरा अभ्यासांमधल्या जवळपास दोन लाख लोकांची माहिती एकत्र करून २०१२ साली आलेला निष्कर्ष असा की, जास्त बोजा आणि कमी ताबा असलेल्यांना हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्के जास्त होता. धूम्रपानाचा धोका याहून कितीतरी मोठा आहे. म्हणजे ताणामुळेच सगळं घडतं असं नाही, पण दुर्लक्ष करण्याइतका तो छोटाही नाही.

मग कंपन्या काय करतात? ध्यानाचं ॲप घेतात, ‘ताणमुक्ती’वर दोन तासांचं व्याख्यान ठेवतात. ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या उत्तरांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध केला. अशा कार्यक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्थितीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. समाजकार्यासाठी वेळ देण्याचा उपक्रम तेवढा थोडा अपवाद ठरला. ही तुलना एकाच वेळच्या उत्तरांची आहे, आधीची आणि नंतरची नव्हे, हे लक्षात ठेवा. तरीही मला वाटतं, जे काम माणसाला थकवतं त्याला हात न लावता माणसालाच खंबीर करू पाहणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं.

छपराला हात कसा घालायचा? ब्रिटनच्या कामगार सुरक्षा यंत्रणेनं सहा गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत: बोजा, ताबा, आधार, आपसातले संबंध, आपली नेमकी जबाबदारी कोणती याची स्पष्टता, आणि बदल करताना लोकांना विचारलं जातं का. त्यांची ३५ प्रश्नांची प्रश्नावली आहे. लहान कचेरीत दहा-बारा प्रश्नही चालतील. गोची होते ती गुप्ततेत. सहा जणांच्या विभागात वय, लिंग आणि नोकरीची वर्षं विचारली, की कागदावर नाव नसलं तरी कोणाचं उत्तर कोणतं ते कळतं. म्हणून दहापेक्षा कमी जणांच्या गटाचे आकडे वेगळे काढूच नयेत. त्याहून वाईट म्हणजे उत्तरं गोळा करायची आणि पुढे काहीच करायचं नाही. पुढच्या वेळी लोक सरळ ‘सगळं ठीक’ लिहून मोकळे होतात.

त्यामुळे एकच बदल निवडा. ड्यूटी चार्ट आदल्या दिवशी संध्याकाळी लावण्याऐवजी दोन आठवडे आधी लावा आणि आपसात पाळी बदलायची मुभा द्या. याला खर्च जवळपास शून्य. तीन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारा.

ताबा वाढवणं तुमच्या हातात नसेल, तर निदान संध्याकाळ सोडवा. जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञ साबिना झोनेनटाग यांच्या संशोधनानुसार, घरी गेल्यावर मन कामातून बाहेर पडलं तरच थकवा उतरतो. अडचण अशी की ज्यांना याची सर्वाधिक गरज, त्यांनाच ते सर्वांत कमी जमतं. त्यावर एक साधा उपाय अभ्यासांत उपयोगी ठरला आहे: निघण्यापूर्वी पाच-दहा मिनिटं, अर्धवट राहिलेलं काम उद्या कुठे, केव्हा आणि कसं करणार ते लिहून ठेवायचं. ‘फाइल पुरी करणे’ एवढंच नको. ‘सकाळी साडेदहाला, रेकॉर्ड रूममध्ये, आधी जुन्या नोंदी काढून’, इतकं नेमकं लिहा.

शेवटी बर्नआउटविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदला आहे. त्याच्या तीन खुणा: गळून जाणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. पण उदासी कामापुरती न राहता घरी, सुट्टीतही टिकली, कशातच गोडी वाटेना, झोप आणि भूक बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा रजा टाकून भागत नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं. सुरुवात फोननं करता येते. केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा क्रमांक १४४१६. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. जगणंच नको असा विचार मनात येत असेल, तर दोन आठवडे मोजत बसू नका, आजच फोन करा.