केरीच्या वाळूवरची निळी सावली

सकाळचे सात. गोव्यात पेडण्यातला केरीचा किनारा. सूर्य सुरूच्या बनामागून वर येतोय, त्यामुळे झाडांच्या सावल्या थेट पाण्याकडे धावल्यात. समोर तेरेखोल नदीचं मुख, पलीकडच्या टेकडीवर किल्ला. ईझल, म्हणजे चित्राचा बोर्ड ठेवायची तिकाटी, वाऱ्याने उडू नये म्हणून खाली दगडाची पिशवी टांगलीय.

बोर्ड पांढरा नाही, बघा. त्यावर बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चिंधीने पुसून घेतलाय. साधारण जांभ्या दगडाचाच रंग. पुढे निळ्या फटकाऱ्यांच्या फटींतून तो डोकावत राहतो, आणि नुसताच थंड वाटणारा समुद्र जरा जिवंत होतो.

ही मुलगी आठवडाभर दुकानाचे हिशेब लिहिते आणि रविवारी इथे तेलरंगात चित्र काढायला शिकायला येते. पहिले दोन रविवार तिने फोनमधल्या फोटोवरून रंगवायला घेतलं होतं. चित्रकलेच्या सरांनी फोन पिशवीत ठेवायला लावला.

डोळे किलकिले करायचे. किल्ल्याच्या खिडक्या जातात, सुरूच्या काड्या जातात. उरतात चार तुकडे: आकाश, पाणी, टेकडी, वाळू. आधी सावल्या लावायच्या, कारण सगळ्यात आधी त्याच सरकतात. वाळूवरच्या सावलीसाठी तिचा हात काळ्या ट्यूबकडे जातो.

"काळो खंय आसा? दाखय," सर विचारतात.

ती पुन्हा बघते. अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, त्यात किंचित लाल, भरपूर पांढरा. सावली जांभळट निळी होते, कारण तिथे ऊन पोचत नाही, पण आकाश पोचतं. आमच्या कॅमेऱ्यात मात्र ती करडीच आलीय. काय करणार.

(काही क्षण फक्त ब्रश आणि लाटा.)

रंग घोटायचा नाही. एक फटकारा ठेवला की ब्रश उचलायचा, पुसायचा, दुसरा ठेवायचा. ओल्या रंगावर ओला रंग. दोनदा जास्त फिरवला की चिखल झालाच.

ऊन सरकायच्या आत बाहेरच चित्र उरकायची ही घाई जुनी आहे. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या चित्रकाराने धातूच्या दाबायच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि तेलरंग खिशात घालून बाहेर पडणं सोपं झालं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं ल हाव्र बंदरातलं पहाटेचं चित्र १८७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं. त्याच्या नावातल्या 'इम्प्रेशन' या शब्दावरून एका समीक्षकाने खिल्ली उडवली आणि 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव मोने आणि त्याच्या सोबतच्या चित्रकारांना कायमचं चिकटलं. त्या चित्राची एक गंमत सर दरवेळी सांगतात: ते काळं-पांढरं करून पाहिलं, तर नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसाच होतो. तो भोवतालच्या आकाशाहून फारसा उजळ नाहीच. तो पेटलेला दिसतो, तो निळसर करड्यात नारिंगी ठेवल्यामुळे. म्हणजे उन्हासाठी पांढऱ्याची ट्यूब रिकामी करायला नको.

म्हणून टेकडीच्या उन्हातल्या बाजूला ती थोडा पिवळा, थोडा नारिंगी ठेवते. शेजारी निळसर हिरवा. बघा.

(टेकडी. मग बोर्ड. मग पुन्हा टेकडी.)

फेस शेवटी. जाड रंग, रंग लावायच्या बोथट सुरीने, म्हणजे नाइफने. तोही पांढराफटक नाही, चिमूटभर पिवळा घातलेला. तेवढ्यात वारा येतो आणि ओल्या रंगात वाळू बसते. मोनेच्या त्रूव्हिलच्या किनाऱ्यावरच्या १८७० मधल्या चित्रात असे वाळूचे कण आजही आहेत. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. हिला ते सांगितलं तरी ती नखाने कण काढतेच.

तेलाच्या चिंध्या पत्र्याच्या बंद डब्यात जातात, कारण चुरगळून टाकल्या तर त्या आपोआप पेटू शकतात. टर्पेंटाइन बाटलीतून घरी. चित्र सुकायला बरेच दिवस.

पाऊण तास झाला. सावल्या निम्म्यावर आल्यात, चित्रात मात्र त्या अजून पाण्यापर्यंत आहेत. ती त्या आखडायला ब्रश उचलते. सर तो तिच्या हातातून काढून घेतात आणि दुसरा बोर्ड पुढे करतात.

(तेरेखोलकडे निघालेली फेरीबोट.)