शिंप्याची चिठ्ठी

मंडळी, 'सिट्रिक्सब्लीड' या सुरक्षा-त्रुटीचं नाव अवघड असलं तरी गोष्ट सी भाषेतल्या एकाच फंक्शनची आहे. एसएनप्रिंटएफ. तुम्ही त्याला मेमरीतली ठरावीक जागा देता, ते त्यात मावेल तेवढा मजकूर लिहितं, उरलेला कापतं. इथवर सगळं सुरक्षित. पण शेवटी ते एक आकडा परत देतं, आणि तो 'किती लिहिलं' याचा नसतो. पुरेशी जागा असती तर किती लिहिलं असतं, याचा असतो.

समजा, तुम्ही शिंप्याकडे अडीच मीटर कापड दिलंत. तो म्हणाला, तुमच्या मापाला साडेतीन लागलं असतं, आणि चिठ्ठीवर ३.५ लिहून ठेवलं. कारागिराने फक्त चिठ्ठी वाचली आणि टेबलावरचं साडेतीन मीटर तुमच्या पिशवीत भरलं. त्यातलं वरचं एक मीटर कोणाचं? शेजारच्या गिऱ्हाइकाचं.

सिट्रिक्स कंपनीच्या नेटस्केलरमध्ये नेमकं हेच झालं. घरून काम करणारे लोक कंपनीच्या आत ज्या दारातून येतात, ते दार म्हणजे हे यंत्र. त्याचं एक पान लॉगिनशिवाय कोणालाही मिळतं. त्या पानात ब्राउझरने पाठवलेलं होस्टचं नाव, म्हणजे साइटचा पत्ता, सहा वेळा घातलं जातं. जागा १,३१,०७२ बाइटची. आता कोणी पंचवीस हजार अक्षरांचं होस्टनाव पाठवलं तर? सहा गुणिले पंचवीस हजार, दीड लाख. चिठ्ठीवर दीड लाख, आणि यंत्र तेवढे बाइट मुकाट्याने पाठवून मोकळं! दुरुस्ती काय केली म्हणाल, तर आकडा जागेपेक्षा लहान असेल तरच उत्तर पाठवायचं. एक तुलना. मला तरी याचं हसू येत नाही, कारण हा आकडा असाच वापरलेला कोड मीही लिहिलेला आहे.

त्या जादा बाइटांत सेशन टोकन सापडायची. प्रदर्शनात तिकीट एकदाच दाखवतो, मग हातावरचा शिक्का पाहून आत सोडतात ना, तो शिक्का. शिक्का हाती लागला की पासवर्ड नको, मोबाइलवरचा ओटीपीही नको. ती तपासणी आधीच झालेली असते.

दुरुस्ती १० ऑक्टोबर २०२३ ला आली. मँडियंट या सायबरसुरक्षा कंपनीच्या तपासात गैरवापर ऑगस्टअखेरपासून सुरू असल्याचं दिसलं. बोइंगच्या सुट्या भागांच्या व्यवसायात लॉकबिट ही खंडणीखोर हॅकरांची टोळी याच वाटेने शिरली. कॉमकास्ट या अमेरिकी केबल-इंटरनेट कंपनीकडे १६ ते १९ ऑक्टोबरदरम्यान, म्हणजे दुरुस्ती उपलब्ध झाल्यावर, घुसखोरी झाली. सुमारे ३ कोटी ५८ लाख ग्राहकांची माहिती गेली.

आणि पॅच लावला म्हणून जुने शिक्के पुसले जात नाहीत. चालू सेशन्स वेगळ्या आदेशाने मारावी लागतात. तसं केलं की कामात असलेले सगळे एकदम बाहेर फेकले जातात आणि ॲडमिनचा फोन खणखणू लागतो. सोमवारी सकाळी हे करायला कोण धजावेल?

जून २०२५ मध्ये त्याच यंत्रात पुन्हा एक गळती निघाली. या वेळी लॉगिनच्या विनंतीतलं बरोबरचं चिन्ह (=) गाळलं की काही न भरताच राहिलेल्या व्हेरिएबलमधला, म्हणजे मेमरीतल्या नाव दिलेल्या जागेतला, जुना मजकूर उत्तरात यायचा. लोकांनी तिला सिट्रिक्सब्लीड दोन म्हटलं. पॅचसोबतच्या सूचनेत पुन्हा तेच होतं: चालू सेशन्स मारा.