आधी गोळीत काय आहे ते बघा

नमस्कार श्रोतेहो.

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराच्या पिंजऱ्यावर जाळीत खाद्याच्या तपकिरी गोळ्या ठेवलेल्या असतात. बोटाच्या पेराएवढ्या, टणक. गहू, मका, क्षार, जीवनसत्त्वं, आणि प्रथिनांसाठी बहुतेक वेळा सोयापेंड. आज बोलायचं आहे ते या पेंडीतल्या जेनिस्टीन नावाच्या द्रव्याबद्दल, आणि उंदरांच्या जननेंद्रियांवर ते काय करतं त्याबद्दल.

जेनिस्टीन हे फ्लॅव्होनॉइड नावाच्या वनस्पतिद्रव्यांच्या मोठ्या कुटुंबातलं. कांद्याच्या सालीचा पिवळसर रंग ज्या द्रव्याचा असतो तेही याच कुटुंबातलं. १८९९ साली जेनिस्टीन पहिल्यांदा वेगळं केलं गेलं, तेही युरोपात कापड पिवळं रंगवायला वापरत असलेल्या जेनिस्टा या झुडपातून. नाव तिथून आलं. त्याची ठेवण इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या इतकी जवळची आहे की पेशींमधली इस्ट्रोजेन धरून ठेवणारी प्रथिनं यालाही धरतात. ही प्रथिनं दोन प्रकारची, अल्फा आणि बीटा. बीटा सापडलं १९९६ मध्ये, आणि सापडलं नर रॅटच्या प्रोस्टेट ग्रंथीत. जेनिस्टीन बीटाला घट्ट चिकटतं, अल्फाला सैल. गर्भाशयात मात्र अल्फाचं राज्य. म्हणून गर्भाशयावर जेनिस्टीनचा जोर कमी. कमी, पण शून्य नाही.

तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा येतील: खाद्य, वय आणि वाट. जनावर आधीपासून काय खात होतं, त्याचं वय किती होतं, आणि द्रव्य कुठल्या वाटेनं शरीरात गेलं.

पण त्याआधी पश्चिम ऑस्ट्रेलियात जायला हवं, मेंढ्यांच्या कुरणात. हा विषय तिथे सुरू झाला.

ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला पाऊस हिवाळ्यात पडतो. जमीन रेताड, स्फुरद जवळजवळ नाहीच. तिथल्या शेतकऱ्यांनी सुपरफॉस्फेट टाकून एक परदेशी क्लोव्हर पेरलं. आपल्या बरसीमचं हे भावंड, पण याची खोड अशी की फूल सुकलं की देठ खाली वाकतो आणि बी जमिनीत पुरतो, भुईमुगाच्या आऱ्यासारखा. म्हणून त्याचं नावच भूमिगत क्लोव्हर. पुढच्या पावसात आपोआप उगवायचं, जमिनीत नत्र धरायचं. उजाड माळ हिरवेगार झाले, मेंढ्या गुटगुटीत झाल्या.

आणि १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला कळपांमध्ये काहीतरी बिघडलं. धष्टपुष्ट मेंढ्या गाभण राहिनात. ज्या राहिल्या त्या विताना अडायच्या, कोकरं मरायची. कित्येकींचं मायांग बाहेर यायचं. सगळ्यात चक्रावणारं म्हणजे खच्ची केलेले नर, लोकरीसाठी पाळलेले, त्यांचे सड वाढले आणि त्यांतून दूध यायला लागलं. काही नरांच्या मूत्रमार्गाजवळच्या ग्रंथी इतक्या सुजल्या की लघवी अडून ते मेले. रोगजंतू सापडेना. पण गवतच जास्त असलेल्या कुरणातल्या मेंढ्या ठणठणीत होत्या.

बेनेट्स, अंडरवुड आणि शियर या तिघांनी १९४६ साली हे सगळं ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यकीय नियतकालिकात मांडलं. खच्ची नराला दूध येतं, म्हणजे कुठून तरी इस्ट्रोजेन येतंय, आणि कुरणात क्लोव्हरशिवाय दुसरं काही नाही. मला इथे आवर्जून सांगायचं आहे की हा शोध आधी कुरणात लागला, परीक्षानळीत नंतर. मेंढपाळानं सांगितलेलं लक्षण शास्त्रज्ञानं मान देऊन ऐकलं म्हणून लागला. आपल्याकडे धनगर जे सांगतात ते इतक्याच आदरानं कुणी टिपून ठेवलं, तर पशुवैद्यकाचे कितीतरी धडे फुकट मिळतील. असो.

आता क्लोव्हरमधलं नेमकं काय? मेंढीवर प्रत्येक अर्क तपासायचा तर पोतंभर अर्क लागणार. म्हणून गिनीपिग आणि माईस आले. माऊस म्हणजे लहान उंदीर, रॅट म्हणजे मोठा. पिल्लू मादीला अर्क द्यायचा, काही दिवसांनी गर्भाशयाचं वजन करायचं. वजन वाढलं तर अर्कात इस्ट्रोजेनसारखं काही आहे. १९५१ पर्यंत क्लोव्हरमधून दोन द्रव्यं वेगळी झाली: एक आपलं जेनिस्टीन, दुसरं फॉर्मोनोनेटिन. माईसनी कौल दिला जेनिस्टीनच्या बाजूनं. जेनिस्टीनचा जोर १ धरला तर फॉर्मोनोनेटिनचा जेमतेम ०.२६. म्हणजे चौथा हिस्सा. सगळ्यांनी मान डोलावली: गुन्हेगार जेनिस्टीन.

पण मेंढ्यांचं गणित जुळेना. जास्त जेनिस्टीन असलेल्या वाणांवर चरूनही कळप वितायचे, आणि जास्त फॉर्मोनोनेटिन असलेल्या वाणांवर, उदाहरणार्थ ड्वालगनप, कळप भाकड राहायचे. कोडं सुटलं १९६०च्या दशकात, मेंढीच्या पहिल्या पोटात. मेंढी रवंथ करते. तिच्या पोटातले जंतू जेनिस्टीन फोडून त्याचं पॅरा-इथिलफेनॉल करतात, आणि त्यात इस्ट्रोजेनचा गुण अजिबात नाही. उलट फॉर्मोनोनेटिनपासून ते आधी डेडझीन आणि मग इक्वॉल बनवतात. इक्वॉल रक्तात उतरतं आणि जोरात काम करतं. हे इक्वॉल रसायनशास्त्राला नवं नव्हतं. १९३२ साली गाभण घोडीच्या मूत्रात ते सापडलं होतं, नाव घोड्याच्या लॅटिन नावावरूनच पडलं.

म्हणजे माऊस खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलं होतं, तुझ्या गर्भाशयाला यातलं काय जास्त चढतं? त्याचं उत्तर त्यानं चोख दिलं. मेंढीच्या पोटात काय होतं हे त्याला विचारलेलंच नव्हतं. हे पुन्हा सांगतो, कारण आजही इथेच चूक होते: द्रव्य तेच, पोट वेगळं, तर परिणाम वेगळा. पुढे फॉर्मोनोनेटिन कोरड्या वजनाच्या ०.२ टक्क्यांखाली असलेले क्लोव्हरचे वाण तिथे काढले गेले. ज्या मेंढ्या अनेक हंगाम जुन्या वाणांवर चरल्या होत्या, त्या मात्र गवतावर नेऊनही सुधारल्या नाहीत. गर्भाशयाच्या मुखातला चिकट स्राव कायमचा पातळ झाला होता आणि शुक्रजंतू वर पोचत नव्हते.

आता प्रयोगशाळेत येऊ. गर्भाशयाचं वजन करण्याची ती जुनी पद्धत आज आंतरराष्ट्रीय प्रमाण चाचणी आहे. मादी रॅटचं पिल्लू १८ दिवसांचं झालं की सुरुवात करायची आणि २५व्या दिवसापर्यंत संपवायचं. त्यानंतर तिचे स्वतःचे अंडाशय इस्ट्रोजेन बनवू लागतात आणि निकाल गढूळ होतो. गटात निदान सहा माद्या. सलग तीन दिवस डोस, शेवटच्या डोसनंतर २४ तासांनी वजन. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी आधी घेतलेली हवी, हे वेगळं सांगायला नको.

न चाळवलेलं गर्भाशय म्हणजे ओल्या दोऱ्यासारखी वाय आकाराची दोन शिंगं, फिकट, चपटी. इस्ट्रोजेन मिळालं की तीच शिंगं पाण्यानं फुगून काचेसारखी चकाकतात. चरबी आणि भोवतीचं आवरण बारीक कात्रीनं काढायचं, योनी गर्भाशयमुखाच्या लगेच खाली कापायची. अंडाशय वेगळा करताना काप अंडवाहिनीवर घ्यायचा, शिंगावर नाही. शिंगाला कात्री लागली की आतलं पाणी गळतं आणि ओलं, म्हणजे पाण्यासकटचं, वजन गेलं. मग शिंगं उभी चिरून किंचित ओलसर फिल्टर पेपरवर हलकं दाबायचं आणि टिपलेलं वजन घ्यायचं. तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंतचा. आणि डोक्यावरचा पंखा बंद. तीसेक मिलिग्रॅमचा तुकडा पंख्याखाली बघता बघता सुकतो. सगळे गट एकाच माणसानं, क्रम मिसळून तपासावेत. सकाळी एक गट आणि दुपारी दुसरा असं केलं तर फरक औषधाचा की थकलेल्या हाताचा, ते कळत नाही.

आता पहिला शब्द, खाद्य. काहीच औषध न दिलेल्या पिल्लांचं टिपलेलं गर्भाशय शरीराच्या वजनाच्या ०.०९ टक्क्यांपेक्षा जास्त भरलं तर शंका घ्यायची. ४० ग्रॅमच्या पिल्लात हे होतात ३६ मिलिग्रॅम. जास्त भरलं तर पहिला संशय गोळीवर. प्रमाण चाचणीत खाद्याच्या एका ग्रॅमला ३५० मायक्रोग्रॅम जेनिस्टीनइतक्या इस्ट्रोजेनी द्रव्यांची मर्यादा आहे. हिशोब करून बघा. सोयापेंडीच्या ग्रॅममध्ये अशी द्रव्यं २ मिलिग्रॅम धरू. गोळीत २० टक्के पेंड असेल तर गोळीच्या ग्रॅममध्ये झाली ४०० मायक्रोग्रॅम. मर्यादा ओलांडली! आणि ५० ग्रॅमचं पिल्लू दिवसाला सहा ग्रॅम खातं असं धरलं, तर त्याच्या पोटात २.४ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ४८ मिलिग्रॅम. प्रयोगाचा डोस द्यायच्या आधीच! मग ज्या गटाशी तुलना करायची त्याचंच गर्भाशय वाढलेलं असतं आणि सौम्य द्रव्याचा परिणाम झाकला जातो.

महाराष्ट्रातल्या औषधनिर्माण महाविद्यालयांत वनस्पतींचे अर्क रॅटना देऊन असे प्रयोग होतात, म्हणून हे इतकं सविस्तर सांगतोय. पळसाच्या बियांमधल्या ब्युटिन या फ्लॅव्होनॉइडवरही मादी रॅटमध्ये काम झालेलं आहे. अर्क पानाचा की बियांचा, कुठल्या महिन्यातला, हे आपण प्रबंधात लिहितो आणि गोळीत काय होतं ते लिहीत नाही. हे बदलायला हवं. सोयाबीन तर लातूरपासून विदर्भापर्यंत पसरलेलं आपलं पीक. तेलात ही द्रव्यं जवळजवळ उतरत नाहीत, सगळी पेंडीत राहतात. खरं तर या पिकाचं मोल पेंडीतच आहे, आणि बाजारात चर्चा मात्र तेलाच्या भावाची.

दुसरा शब्द, वय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात रेथा न्यूबोल्ड आणि वेंडी जेफरसन यांनी जन्मल्यापासून पहिले पाच दिवस माईसच्या मादी पिल्लांना किलोमागे ५० मिलिग्रॅम जेनिस्टीन त्वचेखाली टोचलं. याच दिवसांत अंडाशयातले बीजांडांचे पुंजके सुटून एकेका बीजांडाभोवती एकेक पुटक, म्हणजे पेशींची पिशवी, तयार होत असतं. जेनिस्टीनमुळे ते सुटणं अडलं आणि एकाच पुटकात अनेक बीजांडं राहिली. मोठ्या झाल्यावर या माद्या गाभण राहिल्या नाहीत. १८ महिन्यांनी ३५ टक्के माद्यांच्या गर्भाशयात कर्करोग आढळला. केवळ पाच दिवसांचा डोस, आणि तो त्या वयात. वाढलेल्या मादीला तेच द्रव्य दिलं तर असं चित्र दिसत नाही.

तिसरा शब्द, वाट. तोंडावाटे गेलेलं जेनिस्टीन आतड्यात आणि यकृतात बरंचसं बांधलं जाऊन निष्प्रभ होतं. टोचलेलं थेट रक्तात जातं. म्हणून टोचण्याच्या प्रयोगावरून सोयाच्या वड्यांबद्दल बातमी करणं बरोबर नाही. पण तेवढ्यावर विषय मिटत नाही. याच गटानं २००९ मध्ये नवजात पिल्लांना जेनिस्टीनचं साखर जोडलेलं रूप, सोयात असतं तेच, तोंडावाटे दिलं, आणि मादीच्या जननसंस्थेवर परिणाम दिसलेच. शिवाय डेडझीनपासून इक्वॉल जवळजवळ प्रत्येक रॅट बनवतो. पाश्चात्त्य देशांत माणसांपैकी चौथ्या-तिसऱ्या हिश्श्यालाच ते जमतं. पुन्हा तेच, पोट वेगळं.

तेव्हा नवं पोतं उघडलं की त्याचा बॅच नंबर वहीत उतरवा. १०० ग्रॅम गोळ्या बंद डबीत, तारीख घालून, उणे २० अंशावर ठेवा. प्रयोग संपेपर्यंत शक्यतो एकाच बॅचचं खाद्य वापरा. दोन बॅच वापराव्या लागल्या तर प्रत्येक गटाला दोन्ही सारख्याच वाटा. आणि बिनऔषधाच्या गटाचं गर्भाशय जड भरलं, तर ती फ्रीझरमधली डबी काढून आधी तिची तपासणी करून घ्या.

नमस्कार.