काळ्या मातीत पपई लावण्याआधी

(दृश्य: माजलगावकडचं एक रान. एप्रिलची दुपार. जमिनीला भेगा.)

गोदाकाठची काळी माती. उन्हाळ्यात अख्खा हात आत जाईल अशी भेगाळते, पावसाळ्यात फुगून त्याच भेगा मिटवते. कापूस, तूर, हरभरा इथं खुशाल डोलतात. पपईचं मात्र तसं नाही. तिची मुळं मऊ, मांसल. दोन दिवस पाणी साचलं की बुंधा जमिनीलगत सडायला लागतो, पानं पिवळी पडून गळतात आणि फळांनी लगडलेलं झाड आडवं होतं.

(दृश्य: टिकाव, फावडं. खड्डा खणणं चालू.)

शेताच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात दोन फूट खोल खड्डा घ्या. सखल कोपराच, चांगला तुकडा तर पाहुण्यालाही दाखवतो आपण. आता कडेची माती न्याहाळा. खाली मुरूम लागला तर उत्तम, पाणी निचरून जाईल. वर दीड फूट माती तेवढी हवी. पांढरे खडे दिसले तर ती चुनखडी. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. अशा रानात लोह असूनही झाडाला लागू होत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

मग खड्डा पाण्यानं भरायचा. जिरलं की पुन्हा भरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच उभं दिसलं, तर रान चिबड, म्हणजे पाणी न निचरणारं.

"मग गादीवाफे, म्हणजे उंच वाफे, करू की!" हे उत्तर ठरलेलं. करा, उपयोग होतो. पण दोन वाफ्यांमधल्या चराचं पाणी जाणार कुठं? शेजाऱ्याचा बांध उंच असेल तर ते तुमच्याच रानात मुक्कामाला.

(दृश्य: घमेल्यात माती कालवणारे हात.)

प्रयोगशाळेचा कागद यानंतर. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्यायची. उकिरडा, विहीर, बांध टाळून. सगळी कालवून अर्धा किलो ठेवायची. पपईला सामू (मातीचा pH) ६.५ ते ७ मानवतो. आपल्या काळ्या रानात तो बहुधा ८ च्या आसपास निघतो. तेवढ्यानं बेत मोडू नका. चुनखडी आणि क्षार किती, तेही बघा. ओली झाली की चिकट, वाळली की दगड, अशी चोपण जमीन असेल तर मात्र पपईचा नाद सोडा.

बालाघाटाच्या अंगाला, अंबाजोगाई-कळंबकडं, माती हलकी. तिथं निचऱ्याची चिंता कमी. उन्हाळ्यात ठिबकला पाणी पुरेल का, एवढंच आधी विहिरीत डोकावून बघा.