सहाशे किलोमीटर खोलीवरचा हादरा

श्रोतेहो, नमस्कार.

24 मे 2013 रोजी, आपल्याकडे सकाळचे सव्वाअकरा वाजत आले असताना, रशियाच्या अतिपूर्वेला कामचात्का द्वीपकल्पालगतच्या ओखोत्स्क समुद्राखाली 8.3 महत्तेचा भूकंप झाला. (वृत्तपत्रे जिला ‘तीव्रता’ म्हणतात, तीच ही महत्ता.) एवढा मोठा भूकंप समुद्राखाली झाल्यावर किनाऱ्यावर विध्वंस होणार, असेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मोठी त्सुनामी आली नाही आणि जीवितहानीही झाली नाही. मात्र सहा हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या मॉस्कोत उंच इमारतींतील माणसांना त्याची कंपने जाणवली.

या दोन्ही गोष्टींचे कारण एकच होते. भूकंपाची नाभी, म्हणजे खडक जिथे प्रथम भंगला ती जागा, सुमारे 609 किलोमीटर खोल होती.

2011 साली जपानच्या ईशान्य किनाऱ्यासमोर जो महाभयंकर भूकंप झाला, त्याची नाभी जेमतेम तीस किलोमीटर खोल होती. तेथे सागरतळ उचलला गेला आणि त्यावरचे पाणी लाटा होऊन किनाऱ्यावर चालून आले. ओखोत्स्कच्या भूकंपातला खडकाचा भंग तळापासून इतका दूर झाला, की तळ फारसा हललाच नाही. शिवाय त्याचे तरंग पृथ्वीच्या अंतर्भागातून, फारसे क्षीण न होता, दूरवर पोहोचले.

ही खोली मोजतात कशी? भूकंपाचा एक तरंग थेट दूरच्या नोंदकेंद्राकडे निघतो. दुसरा आधी वर जातो, भूपृष्ठावरून परावर्तित होतो आणि मग त्याच केंद्राकडे वळतो. नाभी जितकी खोल, तितका हा दुसरा तरंग मागे पडतो. सहाशे किलोमीटर खोलीच्या भूकंपात हे अंतर सुमारे दोन मिनिटांचे असते. इतके खोल भूकंप होतात, हे जपानी शास्त्रज्ञ कियो वादाती यांनी 1928 साली नोंदींच्या आधारे दाखवून दिले. मला ही भूकंपशास्त्रातली फार मोठी घटना वाटते, कारण पृथ्वीच्या पोटात काय चालले आहे याचा पुरावा तेव्हापासून हाती येऊ लागला.

कुरील-कामचात्का गर्तेपाशी, म्हणजे समुद्रतळावरच्या खोल, लांबलचक खाचेपाशी, पॅसिफिक भूपट्ट (पृथ्वीच्या कठीण कवचाचा प्रचंड तुकडा) वर्षाला सुमारे आठ सेंटीमीटर या वेगाने खाली शिरतो. नाभीच्या खोलीपर्यंत पोहोचायला तिरप्या वाटेने आठशे किलोमीटर जायचे, तर साधा हिशेब सुमारे एक कोटी वर्षांचा होतो. म्हणजे 2013 साली जो खडक भंगला, तो एक कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी होता आणि एवढा काळ उष्ण प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, राहूनही आतून सभोवतालापेक्षा थंड उरला होता. हे त्या खोलीच्या आकड्यामुळे कळते.

तरीही एक कोडे राहतेच. तेथील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोन लाख पट असतो आणि अशा दाबाखाली, इतक्या उष्णतेत, खडकाने तुटण्याऐवजी हळूहळू वाहायला हवे. एक स्पष्टीकरण असे, की ऑलिव्हिन हे खनिज एरवी सुमारे 410 किलोमीटरवर अधिक घट्ट रूप घेते, पण थंड भूपट्टात ते बदल न होताच आणखी खोल जाते आणि मग अचानक बदलताना भंगाला वाट करून देते. दुसरे असे, की घसरणाऱ्या पृष्ठांवर घर्षणाने उष्णता वाढत जाऊन खडक मऊ होतो आणि घसरण आपोआप वेग घेते.

1994 साली बोलिव्हियाखाली जवळजवळ याच खोलीवर, 8.2 महत्तेचा भूकंप झाला होता. ओखोत्स्कचा भंग सेकंदाला सुमारे चार किलोमीटर वेगाने लांबवर पसरला, तर बोलिव्हियाचा मंद आणि लहानशा भागात आटोपला. कामचात्काखालचा भूपट्ट जुना आणि थंड आहे, बोलिव्हियाखालचा त्या मानाने उबदार आहे. म्हणूनच भूपट्टाचे तापमान हा भूकंपशास्त्रज्ञांच्या चर्चेचा मध्यवर्ती प्रश्न झाला आहे.